चिडीचूप मॅडमचं टक्

ऑफिसात तिला तोंडावर 'मॅडम' म्हणत, पाठीमागे 'चिडीचूप' म्हणत आणि चहाच्या वेळी दोन्ही एकत्र करून 'चिडीचूप मॅडम' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बाई स्वतः मात्र चिडीचूप मुळीच नव्हती. एकदा तोंड उघडलं की लिफ्ट वर येऊन पुन्हा खाली गेली तरी तिचं वाक्य संपलेलं नसे. नाव पडलं होतं ते तिच्या कामावरून.

आणि ते काम समजावून सांगणं हे प्रत्यक्ष कामापेक्षा अवघड होतं. नातेवाइकांत कुणी विचारलं, "तू नक्की करतेस तरी काय गं?" की ती सांगे, "मी ऑडिओ ड्रायव्हर लिहिते." मग समोरचा माणूस तिच्या नवऱ्याकडे बघे, कारण नवरा सिटी बस चालवायचा. "म्हणजे घरात दोन ड्रायव्हर आणि दारात गाडी एकही नाही!" हा विनोद प्रत्येक जण आपणच पहिल्यांदा करतोय अशा थाटात करायचा आणि नवरा तो प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसायचा. माणूसच तसा गुणी होता.

खरं तर गोष्ट साधी होती. खिशात मावणाऱ्या एखाद्या यंत्रातून आवाज येतो, तेव्हा त्या यंत्राच्या मेंदूचं आणि स्पीकरचं आपसात मुळीच पटत नसतं. मेंदूला कळतात आकडे, स्पीकरला कळतात धक्के. दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे वेळेवर, न सांडता, न अडखळता पोचवणारा जो प्रोग्राम असतो, तो ड्रायव्हर. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखंच त्याचं नशीब. सगळं सुरळीत झालं तर त्याची कुणाला आठवण येत नाही आणि बिनसलं तर सगळे त्याच्याच नावाने खडे फोडतात. बोलणाऱ्या बाहुल्या, बोलणारे थर्मामीटर, सायकलला लावायचे स्पीकर, कशाकशात तिने लिहिलेले ड्रायव्हर बसलेले होते आणि कुणालाही तिची आठवण येत नव्हती. याचा तिला अभिमान होता.

वैर होतं ते एका आवाजाशी. झोपलेल्या स्पीकरला एकदम वीज दिली की तो दचकतो. गाढ झोपेतल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढावं तसा. तो दचकला की 'टक्' असा आवाज येतो. हे टक् तिला सहन होत नसे. कुणाच्या घरी टीव्ही लावला आणि टक् झालं की ती चहाचा कप खाली ठेवून म्हणे, "कुणीतरी आळस केलाय." कारण टक् घालवायची रीत होती आणि ती तिच्या हातचा मळ होती. आधी स्पीकरचं तोंड दाबून धरायचं. मग थेंब थेंब वीज सोडायची. तो नीट जागा झाला, डोळे चोळून बसला, की मग अलगद हात काढायचा. तिच्या हाताखालून गेलेलं यंत्र जागं झालेलं कुणाच्या बापाला कळत नसे. ते एकदम बोलायलाच लागे. म्हणून चिडीचूप.

तिच्या कानांची ही खोड आली होती आत्याकडून.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, सगळं काम कानांवर. लग्न केलं नाही, पण भावाची दोन पोरं, म्हणजे चिडीचूप आणि तिचा दादा, शाळेतून आली की सरळ तिच्याच घरी जायची. पहिल्या मजल्यावरच्या तिच्या दोन खोल्यांत दोघांचं निम्मं बालपण गेलं. आत्याला काचबिंदूने आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही गेलं. पण त्या दोन खोल्या तिला अशा पाठ होत्या की स्वयंपाक करताना तिचा हात मिठाच्या डब्यावर जायचा तो सरळ. इतरांचा डोळे असूनही गेला नसता. घर सोडायचं नाव काढलं की तिचा तिळपापड व्हायचा.

दादाचं म्हणणं वेगळं होतं. दादाचं दुसऱ्या गावात फरश्यांचं दुकान होतं, मोठं घर होतं, त्याहून मोठा आवाज होता आणि मन लोण्याचं होतं. आत्याने एकदा खोकल्याच्या औषधाऐवजी केसांचं तेल चमचाभर घेतलं, हे कळल्यापासून त्याला झोप लागत नव्हती.

"आता पुरे!" तो फोनवर म्हणाला. त्याच्याशी बोलताना चिडीचूप फोन कानापासून वीतभर लांब धरत असे. "तू नोकरीवर, तुझे अहो बसवर. तिच्याकडे बघणार कोण? मी तिला इकडे घेऊन येतो. तुझ्या वहिनीने खोलीसुद्धा रिकामी केलीये."

"तिला यायचं नाहीये रे."

"तिला विचारतंय कोण! उद्या तेलाऐवजी फिनेल प्यायली म्हणजे?"

पण तेव्हाच ऑफिसात एक नवं यंत्र तयार होत होतं. साबणाच्या डबीएवढं. त्याला म्हणत 'वाचक'. बाटली, पाकीट, बिल, काहीही त्याच्यासमोर धरायचं, वरचं रबरी बटण दाबायचं, जरा थांबायचं आणि आतली बाई ते वाचून दाखवायची. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच होतं ते. चिडीचूपने साहेबांच्या मागे लागून कच्चा नमुना आत्याला वापरून बघायला आणला आणि दादाशी सौदा केला. महिनाअखेरपर्यंत थांबायचं. तोवर आत्याने या यंत्राच्या जोरावर आपलं आपण निभावलं, तर ती इथेच राहील. नाही जमलं, तर दादा गाडी घेऊन येईल आणि आत्याने मुकाट्याने बॅग भरायची. आत्याने फोनवरच "कबूल!" म्हणून टेबलावर थाप मारली.

पहिले काही दिवस तर आत्याला पंखच फुटले. तिने औषधं वाचली, विजेचं बिल वाचलं, शेजारणीच्या नवऱ्याने जिन्यात चिकटवलेली सोसायटीची सूचना वाचली आणि तीत 'पाणी' शब्द दोनदा आल्याचं त्याला ऐकवलं. "ही आतली बाई सर्दी झाल्यासारखी बोलते," ती म्हणायची, "पण कामाची आहे. आमच्या एक्स्चेंजमध्ये टिकली असती." एकदा तर चिडीचूपला फोन करून म्हणाली, "मी आज फिनेलची बाटली वाचली. दादाला सांग, प्यायले नाही."

सगळं सोन्यासारखं चाललेलं. चिडीचूपला खुपत होतं ते एवढंच, की कच्च्या नमुन्यात टक् होतं. ड्रायव्हर तिने अजून अर्धाच लिहिला होता. बटण दाबलं की आधी मोठ्ठं टक्, मग जरा वेळ शांतता, मग सर्दीवाली बाई. आत्याच्या हातात, आपल्या स्वतःच्या आत्याच्या हातात असं टकटकणारं यंत्र बघून तिला नाक कापल्यासारखं व्हायचं. शिंप्याच्या पोराने उसवलेली चड्डी घालून फिरावं, तसं.

"थांब गं थोडं," ती आत्याला म्हणाली. "हे घालवते मी."

"काय घालवतेस?"

"हे टक्."

"हां, ते होय," आत्या म्हणाली. तिने काही मनावर घेतलं नाही.

यंत्राच्या आतल्या नव्या सर्किट बोर्डावर चिडीचूपने ड्रायव्हर पुरा केला आणि असा केला, की बोर्ड बनवणारा सहकारी, ज्याला सगळे बोर्डवाला म्हणत, तो स्पीकरला कान लावून बसला आणि म्हणाला, "मॅडम, वीज आहे ना यात?" याहून मोठं कौतुक तिच्या धंद्यात नव्हतं. तारीखसाहेबांनी, म्हणजे ज्यांच्या प्रत्येक वाक्यात एक तारीख असे त्या साहेबांनी, सगळ्यांसाठी केक मागवला. जमलेल्या घोळक्यासमोर यंत्र टेबलावर ठेवलं, बटण दाबलं, बटणाशेजारचा छोटा हिरवा दिवा लागला, सगळे त्या दिव्याकडे बघत थांबले आणि बाई एकदम बोलायला लागली. टाळ्या पडल्या. त्याच संध्याकाळी ते नवं यंत्र बाहेर कुणाला जायच्या आधी आत्याच्या घरी पोचलं. जुनं चिडीचूपने पर्समध्ये टाकून परत नेलं.

आणि आत्या बिघडली.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. आत्याचे फोन कमी झाले. मग शेजारणीने जिन्यात गाठून सांगितलं, "तुमच्या आत्या हल्ली त्या डबीशी भांडत असतात." मग एक दिवस आत्याने गोळी घेतलीच नाही, कारण कुठली ते कळेना. चिडीचूप धावत गेली. आत्या टेबलाशी बसून बटण दाबत होती, कपाळाला आठ्या घालून, पुन्हा पुन्हा.

"बोलतच नाही ही बया."

चिडीचूपने यंत्र हातात घेतलं. दाबलं. हिरवा दिवा लागला. ती थांबली. बाईने गोळीचं नाव, मात्रा, सगळं घडाघडा वाचून दाखवलं.

"बघ, चालतंय की. तू घाई करतेस गं. जरा दम धरायचा."

"दमच धरते मी."

"मग नीट दाबत नसशील."

आयुष्यात कुणाचं ऐकून न घेणारी आत्या गप्प बसली, हे चिडीचूपला त्याच वेळी खटकायला हवं होतं. पण तिला ऑफिसला उशीर होत होता. आणि आपल्या ड्रायव्हरमध्ये खोट असेल, अशी शंका तिला यायचं काही कारण नव्हतं. खोट काढूनच तर तो दिला होता.

हे असं आणखी दोनदा झालं. प्रत्येक वेळी आत्याच्या हातात यंत्र मुकं आणि चिडीचूपच्या हातात पोपटासारखं बोलतं. शेवटी ही गोष्ट शेजारीण, शेजारणीचा नवरा अशी फिरत दादाच्या कानावर गेली आणि फोन वाजला.

"विसरायला लागलीये ती," दादा म्हणाला. त्याचा आवाज चक्क हळू होता, त्यामुळे चिडीचूप जास्तच घाबरली. "आधी जमत होतं, आता जमत नाही. याचा अर्थ काय होतो, ते तुलाही कळतं. शनिवारी येतो मी."

सौदा तिनेच केला होता.

शुक्रवारी तिने दुपारची रजा टाकली आणि आत्याकडे गेली. दार उघडल्याबरोबर तिला दिसली ती बॅग. जुनी, निळी, एक्स्चेंजच्या सहलीला घेतलेली. पट्टे लावून भिंतीशी तयार उभी.

"हे काय गं?"

"भरून ठेवली. शेजारणीने माळ्यावरून काढून दिली." आत्या खिडकीशी बसली होती. "उगाच त्याला ताटकळत ठेवायला नको."

"आत्या, अजून शनिवार उजाडायचाय."

"अगं, कबूल केलं होतं ना मी! हरले की हरले." आत्या हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. मग म्हणाली, "तुला म्हणून सांगते, त्याला सांगू नकोस. मला आठवतं की मी बटण दाबलं. अगदी स्पष्ट आठवतं. पण मग ती बोलत का नाही? म्हणजे मी दाबलेलंच नसतं. नुसतं दाबलं असं मला वाटतं. डोळे गेले त्याचं काही नाही पोरी, ते हळूहळू गेले, सांगून गेले. पण हे डोकं..." आणि तिने पदराने नाक पुसलं. तिला रडताना चिडीचूपने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

तिला काही सुचेना, म्हणून तिने टेबलावरचं यंत्र उचललं. निदान हात तरी गुंतलेले. दुपारचं ऊन खिडकीतून थेट टेबलावर येत होतं, डोळ्यांवर तिरीप येईल असं. समोर चहापत्तीचा पुडा होता. तिने तो यंत्रासमोर धरला आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. रबर मऊ होतं, बोटाला नीट कळलं नाही. दिवा लागला का? त्या उन्हात दिवा दिसतच नव्हता. नीट दाबलं गेलं नसेल, असं म्हणून तिने पुन्हा दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. आता मात्र ती वैतागली आणि पुन्हा बटणावर बोट नेलं.

बोट तसंच हवेत राहिलं.

एकदा दाबलं की यंत्र सुरू होतं. बोलायला लागायच्या आधी पुन्हा दाबलं की बंद होतं. ती मघापासून ते सुरू करत होती आणि लगेच बंद करत होती, सुरू करत होती, बंद करत होती. आत्यासारखीच. हे यंत्र जिच्या हाताखालून गेलं, तिला स्वतःला, दोन धडधाकट डोळे असताना, आपण बटण दाबलं की नाही ते कळत नव्हतं. कारण ते कळायची दोनच साधनं होती. एक होता दिवा. ज्यांना दिसत नाही त्यांच्या यंत्राला हिरवा दिवा! ऑफिसातले सगळे शहाणे त्या दिव्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि दुसरं साधन होतं टक्. ते तिने घालवलं होतं. केक खाऊन घालवलं होतं.

"आत्या," ती म्हणाली, "जुनं यंत्र होतं ना, ते बटण दाबलं की टक् व्हायचं. मग तू काय करायचीस?"

"काय करणार? थांबायचे." आत्याने खांदे उडवले. "टक् झालं म्हणजे लाइन लागली. लाइन लागली की पलीकडचा उचलेपर्यंत थांबायचं. तीस वर्षं तेच तर केलं." आणि बोलता बोलता तीच थबकली. तिची मान हळूहळू चिडीचूपच्या आवाजाकडे वळली. "अगं... ते टक् कुठं गेलं?"

चिडीचूपला हसूही आलं आणि रडूही आलं आणि दोन्ही एकदम आल्याने ठसका लागला. तिने आत्याचे दोन्ही हात धरले. "मी काढलं गं. तुझं डोकं ठणठणीत आहे. माझंच फिरलंय."

"म्हणजे मी दाबत होते?"

"प्रत्येक वेळी दाबत होतीस."

आत्याने आपला हात सोडवून घेतला आणि भाचीच्या दंडाला असा चिमटा काढला की पुढे आठवडाभर तिथे निळं होतं. "आणि मला म्हणते, नीट दाबत नसशील!"

चिडीचूपने तिथूनच दादाला फोन लावला. दादाने सगळं ऐकून घेतलं, पण विश्वास काही ठेवला नाही. "तू तिची बाजू घेणारच," म्हणाला. शेवटी एक आठवडा वाढवून मिळाला, तोही आत्याने फोन हिसकावून घेतल्यावर. बॅग मात्र तिने उघडली नाही. भिंतीशी तशीच राहू दिली. "सौदा म्हणजे सौदा. आधी जिंकू दे," ती म्हणाली.

ऑफिसात पुढचं रामायण घडलं.

"टक् काढलंत म्हणून आपण केक कापला," तारीखसाहेब म्हणाले, "आणि आता टक् घालायचं म्हणता? पंधरा तारखेला माल बाहेर पडायचाय! लोक म्हणतील, स्वस्तातलं आहे."

चिडीचूपने वाद घातला नाही. तिने हिरव्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली, यंत्र साहेबांच्या हातात दिलं आणि त्यांच्याच टेबलावरचं बिस्किटांचं पाकीट पुढे सरकवलं. "वाचा."

साहेबांनी दाबलं. क्षणभर थांबले. पुन्हा दाबलं. हलवून बघितलं. कानाशी धरलं. मग आणखी तीनदा दाबलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात.

"बंद पडलंय हे."

"नाही साहेब, चालू आहे. तुम्ही एकटं राहायच्या लायकीचे राहिला नाहीत. गाडी घेऊन कुणाला बोलवू?"

बोर्डवाल्याला खोकला आला. साहेब लाल झाले, मग त्यांनी चिकटपट्टी काढून दिवा बघितला, पुन्हा लावली, पुन्हा दाबलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तारीखसुद्धा नाही.

पण टक् नुसतं परत आणता येईना. विक्रीवाल्यांनी म्हटलं, आवाजच हवा ना, मग गोड द्या. त्यांनी 'टिंग-टुंग' अशी नाजूक सुरावट करून दिली. आत्याने ती दोन दिवस वापरली आणि साभार परत केली. "कानामागून आली नि तिखट झाली ही," ती म्हणाली. "दोनदा उठून दार उघडून आले मी. वाटलं बेल वाजली."

मग जुनं टक्च हवं, हे ठरलं. पण नव्या बोर्डावर ते आपोआप येत नव्हतं. बोर्डवाल्याने बोर्डही इतका गुणी केला होता की स्पीकर दचकायलाच तयार नाही. आता चिडीचूपला ते बनवावं लागणार होतं. जन्मभर जिने टक् मारलं, ती दिवसभर टेबलाशी बसून टक् घडवायला लागली. एक केलं ते फार कोरडं. एक केलं ते पाण्याचा थेंब पडल्यासारखं. प्रत्येक नमुना आत्याच्या घरी जाई आणि आत्या बटण दाबून बघत फोनवर परीक्षकाच्या खुर्चीत. "हे टक् नाही, हे टिक् आहे... हे काय, कुणी जीभ टाळ्याला लावली?... हं, हे जवळ आलं, पण उशिरा येतंय गं. बोट उचलल्यावर कशाला? बोट खाली असतानाच यायला हवं."

हे शेवटचं खरं होतं. म्हणजे यंत्र जागं झाल्यावर टक् वाजवून भागणार नव्हतं. बटण खाली गेल्याबरोबर, बाकी कुणी डोळे उघडायच्या आत, आधी स्पीकर उठायला हवा होता. थोडक्यात, तिने आयुष्यभर पाळलेला क्रम उलटा करायचा होता. आधी तोंड दाबायचं नाही. आधी दचकवायचं, मुद्दाम, मोजून, आणि मग सावकाश बाकीच्यांना उठवायचं. तिने आपल्याच सुबक ओळी खोडल्या आणि खालच्या वर घेतल्या. शेजारून जाणाऱ्या बोर्डवाल्याने पडद्याकडे बघून विचारलं, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत."

त्या ओळींच्या डोक्यावर तिने, पुढे कुणी तिच्यासारखाच शहाणा येईल या भीतीने, एक वाक्य लिहून ठेवलं. 'हे टक् चुकून राहिलेलं नाही. काढाल तर याद राखा.'

ठरलेल्या शनिवारी दादा आला. त्याची गाडी खाली लागली तेव्हाच त्याचा आवाज वर पोचला. नवा कोरा शर्ट घालून तो जिना चढून आला, आत्याला त्याने मिठी मारली, चिडीचूपच्या नवऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि भिंतीशी उभी असलेली निळी बॅग बघून त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"भरलीस होय! बरं केलंस. तुझी खोली मस्त हवेशीर आहे बघ. तुझ्या सुनेने तर—"

"आधी खाली वाक," आत्या म्हणाली.

"का?"

"मिठी मारलीस तेव्हा मला काहीतरी टोचलं. मानेशी."

दादा वाकला. आत्याने चाचपून त्याच्या कॉलरच्या मागे लोंबणारा कागदी तुकडा दोन बोटांत पकडला. दुसऱ्या हाताने टेबलावरचं यंत्र बरोबर उचललं आणि समोर धरून बटण दाबलं.

टक्.

यंत्र गप्प. वाकलेला दादा हळूच म्हणाला, "राहू दे गं आत्या, चालत नसेल. मी देतो दाबून—" आणि त्याने मागे हात नेला.

आत्याने त्या हातावर फटका मारला. "हात लावू नकोस. लाइन लागलीये."

ती बसली होती ताठ, मान किंचित तिरकी, चेहरा शांत. एक्स्चेंजमध्ये बसायची अगदी तशी. तिला आता कसलीही घाई नव्हती. आपण बटण दाबलंय, हे तिला पक्कं माहीत होतं. चिडीचूपला कुठल्याही केकने झाला नव्हता एवढा आनंद ते बघून झाला आणि तिने तो लपवलाही नाही, सरळ डोळे पुसले.

मग सर्दीवाली बाई सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी बोलली. "एक्स्ट्रा लार्ज. अर्ध्या किमतीत. विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

आधी नवऱ्याला हसू फुटलं. मग चिडीचूपला. दादा वाकलेलाच होता, त्याला कळेना सरळ व्हावं की नको. आणि मग तोही असा हसायला लागला की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि ते लपवायला तो उगीच कॉलरचा कागद ओढत बसला. "हरलो," म्हणाला. "आता चहा तरी दे."

"देते. पण आलाच आहेस तर एक काम कर," आत्या म्हणाली. "ती बॅग माळ्यावर टाक. शेजारणीने ओढून काढली, पण परत वर चढवायला इथं कुणाचा हात पुरत नाही."

दादाने बॅग उचलली. क्षणभर ती हातात धरून उभा राहिला. एवढी गाडी चालवून तो तिच्यासाठीच आला होता. मग मुकाट्याने स्टुलावर चढला आणि त्याने ती वर ठेवली.

"ठेवली."

"कडेलाच ठेवलीस, आवाजावरून कळतं मला," आत्या चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली. "पार मागे सार. एवढ्यात लागायची नाही ती."